टिंबाच्या उजवीकडे

५ मार्च २०२५, बुधवार

राखेचा बुधवार. सकाळच्या मिस्साआधी फादरांना सांगितलं की यंदाच्या, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी राग सोडणार आहे. मासळी सोडणं मला जड जात नाही, राग सोडणं जातं, म्हणून तोच. फादर म्हणाले, "सुटला तर उत्तमच. नाही सुटला तर बोलू नका, लिहून काढा. वहीला लागत नाही." येताना दुकानातून ही वही घेतली.

दुपारपर्यंतच तिची गरज पडली.

कोलशेतच्या आमच्या वर्कशॉपात जिन्यांचे कठडे बनतात, स्टीलचे आणि काचेचे. बावीस वर्षं मी साइटवर जाऊन माप घेतो, परत येऊन कॉम्प्युटरवर स्वतः चित्र काढतो, त्यावरून माल बनतो. मोठे शेठ दिवाळीत गेले. आता त्यांचा मुलगा जयेश सगळं बघतो. आज त्याने सर्वांना उभं करून सांगितलं की सोमवारपासून प्रत्येक चित्र मिलिमीटरमध्ये. "जग कुठे पोचलं आणि आपण अजून इंचात अडकलोय, बेसिल अंकल." सगळे हसले. जो चड्डीत असताना माझी टेप ओढून पळायचा, त्याने मला चारचौघांत अडकलेला म्हणावं.

माझे वडील उत्तनला बोटी बांधायचे. एका इंचात आठ सूत, हे मी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडून शिकलो. फळीवर पेन्सिलीने ते लिहायचे २२.५, म्हणजे बावीस इंच पाच सूत. टिंबाच्या डावीकडे इंच, उजवीकडे सूत. मीही तसंच लिहितो. कॉम्प्युटरमध्ये घालताना पाच सुतांचे .६२५ करतो, ते कुणी सांगावं लागत नाही, बोटं करतात. त्या मापाने बांधलेल्या बोटी अजून पाण्यावर आहेत. जयेशच्या मिलिमीटरने बांधलेलं काय कुठे तरंगतंय ते त्याने दाखवावं.

८ मार्च, शनिवार

सोमवारची वाट न बघता आजच करून टाकावं म्हटलं. कुणी म्हणायला नको की बेसिलला जमत नाही. एका जुन्या कठड्याचं चित्र उघडलं, एककांच्या चौकटीत इंच होतं तिथे मिलिमीटर निवडलं, प्रिंट काढून दाजीकडे दिली. दाजी आमचा फिटर, कोळीवाड्यातला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याने प्रिंट डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, मग सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं विचारलं, "बेसिल, हा कठडा मुंग्यांसाठी हाय कं?"

छत्तीस इंचांचा कठडा छत्तीस मिलिमीटरचा झाला होता.

ऑक्टोबरपासून आमच्याकडे प्राप्ती नावाची मुलगी आहे, डोंबिवलीहून येते. ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, तिथे एकक बदललं की फक्त नाव बदलतं. आकडा तोच राहतो. आधी छत्तीस इंच म्हणत होतो, आता छत्तीस मिलिमीटर म्हणतो, एवढंच. वस्तू खरी बदलायची तर सगळं चित्र पंचवीस पूर्णांक चारने मोठं करावं लागतं." आणि माझ्या हातातला माउस घेऊन तिने ते केलंसुद्धा.

मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. तो हळू आवाज जास्त लागला. आजारी माणसाशी बोलतात तसा.

११ मार्च, मंगळवार

टिटवाळा. नव्या इमारतीचा जिना, चार मजले, सव्वीस काचा. दाजीने जिन्याच्या कडेला स्टीलचे बोल्ट आधीच पक्के रोवून ठेवलेत. काचेला भोकं पडून येतील आणि त्या बोल्टांवर काच बसेल. ही भट्टीतून काढलेली टफन काच असते. एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक मोठं करता येत नाही. म्हणून बोल्ट ते बोल्ट अंतर बरोबर लागतं. एका काचेची चार मापं, एकूण एकशे चार. सकाळी नऊ ते साडेचार. दोनदा टेप लावल्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही. सात पानं भरली.

येशूचा बाप सुतार होता, हे मला माप घेताना नेहमी आठवतं. त्याने कुठल्या एककात मोजलं असेल कोण जाणे. पण कुणी त्याला अडकलेला म्हटलं नसणार.

१२ मार्च, बुधवार

ती सातही पानं फाडून प्राप्तीच्या टेबलावर ठेवली. "टिटवाळ्याचं चित्र तू काढ. मिलिमीटर तुमचं, तर चित्रही तुमचं."

बावीस वर्षांत माझी पानं मी दुसऱ्याला दिली नव्हती. जयेशने ऐकलं, काही बोलला नाही. बोलायला हवं होतं.

तिने पानं उलटून पाहिली. "काका, हे सगळं इंचात ना?"

"इंचातच."

"अजून काही लक्षात ठेवायचं?"

"डोळे उघडे ठेवायचे."

हे उत्तर मला बरं सुचलं. घरी थेरेसाला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "मुलगी विचारत होती, तर सांगायचं होतंस." बायकोला काय सांगणार मापातलं.

२० मार्च, गुरुवार

प्राप्तीने चित्र पुरं करून आणलं. आकडे असे चार-चार अंकी, रेल्वेच्या डब्यांवर असतात तसे. ती म्हणाली, "काका, ऑर्डर जायच्या आधी एकदा तुमच्या पानांशी ताडून बघता का? प्लीज."

मी म्हटलं, "मला मिलिमीटर कळत नाही असं तुझ्या शेठचं म्हणणं आहे. मी काय बघणार?" आणि 'तपासलं' लिहिलेल्या चौकटीत सही करून कागद परत केला.

तिने सहीकडे पाहिलं. मग म्हणाली, पंधरा एप्रिलला तिचे सहा महिने भरतात. पक्की झाली तर घरचे स्थळं बघायचं वर्षभर तरी थांबवणार आहेत, तसं वडिलांनी कबूल केलंय. "म्हणून हे काम नीट व्हायला हवं, काका." मी मान हलवली. प्रत्येकाचं काहीतरी असतं.

रात्रीच्या जेवणाला थेरेसा म्हणाली, "न बघता सही केलीस?"

"तिला शिकायला हवं."

"तिला की तुला?"

राग बोललो नाही, तेवढं फादरांचं ऐकलं.

२ एप्रिल, बुधवार

काल काचा टिटवाळ्याला पोचल्या. आज अकरा वाजता दाजीचा फोन. "बेसिल, भोकं बसत नाय. काही बसतान, काही नाय. काय केलाव तुम्ही?"

रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा करून मी पोचेपर्यंत दाजीने एक काच ओढून बसवायचा प्रयत्न केला होता. बोल्ट आवळताना ती फुटली. टफन काच फुटते तेव्हा तुकडे होत नाहीत, दाणे होतात. जिन्याच्या तीन पायऱ्यांवर मिठागरातला ढीग ओतल्यासारखं पांढरं पसरलं होतं. दाजीच्या हाताला लागलं नाही, देवाची कृपा.

सव्वीसपैकी अकरा बसल्या. पंधरा गेल्या.

मी जिन्यावर बसलो आणि मला काय वाटलं ते इथे लिहितो, कारण इथेच लिहायचं आहे. मला बरं वाटलं. मिलिमीटरवाल्यांची जिरली असं वाटलं. मग लगेच लाज वाटली. पण बरं आधी वाटलं.

३ एप्रिल, गुरुवार

जयेशने ऑफिसात बोलावलं. मी आणि प्राप्ती.

"मला दिलेल्या मापांप्रमाणेच काढलं, सर," ती म्हणाली.

"मी दिलेली मापं बरोबर होती," मी म्हणालो.

"मग काचा काय रागाने लहान झाल्या?" जयेश म्हणाला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "अंकल, तुम्ही टिटवाळ्याला जाऊन पुन्हा मोजा. तुमचं माप बरोबर निघालं तर मला लेखी द्या की चूक चित्रात आहे. मग पंधरा तारखेला मी हिला ठेवू शकत नाही. चुकीचं निघालं तर आपण दोघं बोलू."

प्राप्ती माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे बघत होतो.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा टिटवाळा. दाजी टेपचं टोक धरून होता. एकशे चार मापं परत घेतली. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. शेवटच्या मजल्यावर मी दाजीला म्हटलं, "बघ." दाजी म्हणाला, "तुझा माप चुकनार नाय, तां मला म्हायती हाय. पन मग काचा कशा चुकल्या?"

तेही पाहिलं. प्राप्तीचं चित्र सोबत नेलं होतं. फरक बघून डोकं फिरलं. काही ठिकाणी फरक शून्य. काही ठिकाणी एक मिलिमीटर, काही ठिकाणी दोन, तीन, एकदोन ठिकाणी चारच्या वर. आणि फरक आहे तिथे सगळीकडे काच तोकडीच, एकदाही जास्त नाही. चुकणारा माणूस कधी कमी चुकतो, कधी जास्त. हे तर कुणीतरी कडेकडेने कुरतडल्यासारखं. माझं पक्कं मत झालंय की हे सॉफ्टवेअर एककं बदलताना आकडे खातं, आणि त्या मुलीला ते कळलं नाही. तिने डोळे उघडे ठेवले नाहीत. मी सांगितलं होतं.

९ एप्रिल, बुधवार

लेखी दिलं. "मी बेसिल, साइटवरील सर्व मापे दोनदा तपासली असून ती अचूक आहेत. मापे इंचात असल्याचे प्राप्ती यांना स्पष्ट सांगितले होते. चूक चित्र काढताना झाली आहे." खाली सही. यात एक अक्षर खोटं नाही. दोनदा वाचून पाहिलं.

तरी सही करताना पेन सरळ चाललं नाही.

घरी थेरेसाने विचारलं, मुलीचं काय होईल. मी म्हटलं, दुसरीकडे बघेल, तरुण आहे. "तू तरुण होतास तेव्हा मोठ्या शेठने तुझी पहिली चूक कुणाच्या नावावर टाकली?" मी रागावलो. यावेळी तोंडाने. महिनाभर पाळलं होतं, ते गेलं.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी प्राप्ती माझ्या टेबलाशी आली. हातात माझी सात पानं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, कोर्टातल्या पुराव्यासारखी.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"यात एकशे चार मापं आहेत. टिंबानंतर शून्यापासून सातपर्यंत सगळे आकडे आलेत. आठ किंवा नऊ एकदाही नाही. असं कसं?"

मला हसू आलं. चोवीस वर्षांची इंजिनिअर. मी म्हटलं, "आठ सूत झाले की इंच होतो. नववा सूत आणायचा कुठून?"

"सूत?" ती म्हणाली.

"सूत. ज्याला सूत माहीत नाही त्याने कठडे करू नयेत."

तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं रडेल. रडली नाही. ओठ हलत होते, काहीतरी गुणत असावी. मग म्हणाली, "काका, मी पाच म्हणजे अर्धा धरला."

"काय धरलंस ते जयेशला सांग. माझा कागद देऊन झालाय."

"मी सांगितलं तर ते म्हणतील सबब सांगते. तुम्ही सांगितलं तर..." एवढंच बोलून ती गेली. पिशवी माझ्या टेबलावरच राहिली. मी ती खणात टाकली. सबबच आहे. टिंबानंतर पाच म्हणजे पाच सूत, हे दाजीला विचारा, कुठल्याही सुताराला विचारा, माझ्या मेलेल्या बापाला विचारा.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. आज मला काय झालं ते नीट लिहायला हवं.

देवळात गर्दी होती. झावळी हातात घेऊन मागच्या बाकावर बसलो. पुढच्या फळ्यावर खडूने वाचनाचा आकडा लिहिला होता, २२.१४. मी शुभवर्तमानाचं पुस्तक उघडलं, बाविसावा अध्याय काढला, बोट चौदाव्या ओळीवर ठेवलं. न बघता, न विचार करता. बोटांनी केलं.

मग बोट तिथेच राहिलं.

टिंबाच्या डावीकडे अध्याय, उजवीकडे ओळ. अख्ख्या देवळात कुणीही त्या आकड्याला बावीस पूर्णांक चौदा शतांश म्हणालं नसतं. का? कारण आम्हाला सगळ्यांना लहानपणी कुणीतरी मांडीवर घेऊन सांगितलेलं आहे. उद्या कुणी परका माणूस आत आला आणि त्याने चुकीचं पान उघडलं, तर मी त्याच्याविरुद्ध लेखी देणार का?

तिला सूत कुणी सांगितला होता? तिने विचारलं होतं, हे सगळं इंचात ना. मी म्हटलं, इंचातच. तिने विचारलं होतं, अजून काही लक्षात ठेवायचं. मी म्हटलं, डोळे उघडे ठेव.

पाच सूत म्हणजे .६२५. तिने .५ घेतला. जितके सूत जास्त तितकी काच तोकडी, आणि पूर्ण इंच असेल तिथे फरक शून्य. सॉफ्टवेअरने काही खाल्लं नाही. ते टिंब माझं होतं.

लांबलचक वाचन चालू होतं. सगळे उभे होते. येशूचा शिष्य तिसऱ्यांदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणतो आणि कोंबडा आरवतो, तिथपर्यंत वाचन आलं आणि मी खाली बसलो. थेरेसाने विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, नाही.

प्राप्ती म्हणाली होती, एकक बदललं की फक्त नाव बदलतं. त्या कागदावर मी तेच केलं. चूक होती तेवढीच ठेवली, वरचं नाव बदललं.

उद्या आंबेडकर जयंतीची सुट्टी. परवा पंधरा तारीख. मला सगळ्यांचा राग येतोय. जयेशचा, की जुन्या पानांत काय असतं हे न विचारता त्याने एककं बदलली. दाजीचा, की तो हसला. सगळ्यात जास्त या वहीचा. पहिल्याच पानावर मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, टिंबाच्या डावीकडे इंच, उजवीकडे सूत. वहीला सांगितलं, मुलीला सांगितलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

दहाला पोचलो तर प्राप्ती जयेशच्या केबिनमध्ये आधीच उभी होती. तिच्या खांद्याला पर्स होती. मी दार न वाजवता आत गेलो.

"अंकल, दोन मिनिटं," जयेश म्हणाला.

"शेठ, माझा कागद परत द्या."

"तो फाइलला लागला."

मी वाद घातला नाही. त्याच्या मागे पांढरा फळा होता, त्यावर पेनने मोठ्ठं लिहिलं, २२.५. "वाचा."

"काय चाललंय हे?"

"वाचा म्हणतो ना."

"साडेबावीस."

मी दारातून दाजीला हाक मारली. तो हात पुसत आला. मी म्हटलं, "वाच."

दाजी म्हणाला, "बावीस इंच पाच सूत. यात विचारायचा काय?"

जयेशने दाजीकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग प्राप्तीकडे. ती जमिनीकडे बघत होती.

मी म्हटलं, "ज्याने हातात लोखंड धरलंय तो दाजीसारखं वाचतो. जो शाळेत शिकला तो तुमच्यासारखं. तुम्ही मालक आहात आणि तुम्हीसुद्धा हिच्यासारखंच वाचलंत. हिने मला दोनदा विचारलं होतं. मी सांगितलं नाही. ताडून बघायला सांगितलं, मी न बघता सही केली. आणि मग लेखी दिलं."

"मग बावीस वर्षं कसं चाललं?"

"लिहिणारा मीच होतो आणि वाचणाराही मीच होतो."

जयेशने फाइल ओढली. मला वाटलं कागद फाडेल. त्याने फाडला नाही. फाइलमधून काढून माझ्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं. "खाली खरं काय ते लिहा. आजची तारीख घाला." मी लिहिलं. पेन सरळ चाललं.

मग तो म्हणाला, "प्राप्ती, पर्स ठेव आणि कामाला लाग. आणि अंकल, यापुढे माप ही घेईल. तुम्ही टेपचं टोक धरा."

दाजीने तोंड फिरवलं. मी म्हटलं, बरं. बाहेर येऊन संडासात जाऊन पाणी तोंडावर मारलं. पन्नाशीला आलेला माणूस, टेपचं टोक. योग्यच आहे, हे मला कळतं. योग्य असलं म्हणून राग कमी येतो असं नाही.

प्राप्ती दुपारी डबा घेऊन समोर बसली. आभार मानले नाहीत. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. फक्त म्हणाली, "घरी फोन केला. वडील म्हणाले, बघू." मग म्हणाली, "काका, दोनदा नाही, तीनदा विचारलं होतं."

मोजून पाहिलं. तीनदाच.

२२ एप्रिल, मंगळवार

ईस्टर झाला. फादरांना सांगितलं की राग सुटला नाही, चाळीस दिवसांत उलट वाढला. त्यांनी विचारलं, कुणावरचा? मी म्हटलं, पत्ता बदलला. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आज टिटवाळा, पंधरा काचांसाठी फेरमाप. प्राप्तीच्या हातात टेप, माझ्या हातात टोक. टेपच्या एका कडेला मिलिमीटर, दुसऱ्या कडेला इंच. ती तिच्या कडेने वाचायची, मी माझ्या कडेने मनात वाचायचो, दोन्ही जुळायचं. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत अजून त्या फुटलेल्या काचेचे दाणे सापडत होते. बुटाखाली करकरायचे.

तिसऱ्या मजल्यावर एक बोल्ट अडचणीत होता, तिथे तिचा हात पोचेना. मी वाकून मोजलं आणि सवयीने ओरडलो, "एकोणीस पाच."

ती वरून म्हणाली, "एकोणीस इंच पाच सूत, की साडेएकोणीस?"

"पाच सूत."

पुढचं माप. "सव्वीस तीन."

"तीन सूत ना, काका?"

"हो."

तिसऱ्या वेळी तिने पुन्हा विचारलं तेव्हा मला राग आला. बावीस वर्षं मोजणाऱ्याला दर वेळी काय विचारायचं. तोंडापर्यंत शब्द आला होता. मी वर बघितलं. ती पेन वहीवर टेकवून थांबली होती, लिहीत नव्हती, माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"विचार," मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता. "दर वेळी विचार."